शरणागत आणि शेजारी

शिकाऱ्यांच्या भयाने जीव घेऊन पळणारा ससा सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या मांडीतळी येऊन दडला, ही लीळा पंथातील आबालवृद्धांस ठाऊक आहे. म्हाइंभटांनी ती लीळाचरित्रात अगदी थोडक्या शब्दांत नोंदवून ठेविली आहे. शिकारी मागून आले. त्यांनी आपला ससा परत मागितला. स्वामींनी तो दिला नाही. शरण आलेल्यास मारणाऱ्याच्या हाती द्यावयाचे नसते हे त्यांनी शिकाऱ्यांस समजाविले आणि बोलता बोलता त्यांचे मन हिंसेपासून परावृत्त केले. ही लीळा श्रवण करताना श्रोत्यांचे लक्ष बहुधा शेवटाकडे, म्हणजे शिकाऱ्यांच्या मनःपालटाकडे जाते. प्रस्तुत निरूपणाचा विषय मात्र त्याच्या अलीकडचा क्षण होय. ससा आला आणि मांडी हलली नाही. ससा कोणाचा, त्याच्या रक्षणाने लाभ कोणता, शिकाऱ्यांचा रोष ओढवेल काय, हा विचार तेथे मध्ये आलाच नाही.

यावर कोणी म्हणेल की, ते तर परमेश्वराचे चरित्र. परमेश्वराच्या कृपेस कारण लागत नाही. जीवाचे तसे नाही. जीव अनादि अविद्येने युक्त आहे, त्याची प्रत्येक क्रिया कोणत्या ना कोणत्या हेतूला बांधलेली असते. हे म्हणणे शास्त्रास धरूनच आहे. आणि म्हणूनच जीवाच्या बाबतीत हेतूची चौकशी आवश्यक ठरते. श्रावण-भाद्रपदात गंगेला पूर चढला असता एखादा नाशिककर कमरेला दोर बांधून छातीभर पाण्यात उतरतो आणि त्याच वेळी दुसरा पुलावर उभा राहून पूर पाहत असतो. दोघेही त्याच नगरीचे, कदाचित एकाच आळीचे. एकास कशाने पाण्यात नेले आणि दुसऱ्यास कशाने पुलावर थोपविले?

गोदावरीस लीळाचरित्रात गंगा म्हटले आहे, आणि नाशिकचे लोकही आजतागायत ‘गंगेवर जातो’ असेच म्हणतात. तिचा उगम त्र्यंबकेश्वरी, ब्रह्मगिरीवर. तेथून नाशिक दूर नाही. त्यामुळे वरच्या डोंगरात पाऊस कोसळला की त्याचे पाणी काही घटकांतच रामकुंडावर येते. मध्ये गंगापूरचे धरण आहे, परंतु धरण भरत आले म्हणजे त्याचे दरवाजे उघडावेच लागतात. शहरातून वाहणाऱ्या नासर्डी आणि वाघाडी यांचे पाणी त्यात मिळते ते वेगळेच. पूर मोजण्याचे नाशिककरांचे माप कोणत्याही कचेरीत ठेवलेले नाही. रामकुंडापाशी नदीपात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, अशा शब्दांत पुराची वार्ता घरोघर पोहोचते. तसेच दुसरे माप नारोशंकराच्या घंटेचे. मारुतीच्या डोक्यावरून पाणी गेले की भांडीबाजार, सराफबाजार, कापडपेठ येथील व्यापाऱ्यांनी आधीच माल वर चढविलेला असतो. ज्यांनी चढविला नसेल त्यांची धावपळ होते. १९६९ च्या सप्टेंबरातील महापुराची आठवण जुन्या वाड्यांतून अद्याप सांगितली जाते. त्यानंतर सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ या वेळी गंगेने पुन्हा आपली हद्द ओलांडली.

एवढा तपशील देण्याचे कारण असे की, अशा पुरात वेळ फार थोडा असतो. सरकारी होडी येईल, अग्निशामक दलाचे जवान येतील, हे खरे, ते येतातही. परंतु पाणी उंबऱ्यावर आल्यापासून ते माळ्याला लागेपर्यंतच्या मधल्या काळात म्हाताऱ्या बाईला खांद्यावर घेऊन जिना चढणारा मनुष्य शेजारीच असतो. ही गोष्ट काही नाशिकपुरतीच नाही. १७ जानेवारी १९९५ रोजी जपानात कोबे येथे भूकंप झाला, तेव्हा ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्यांपैकी बहुतेकांस घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढिले होते. मागाहून देशभरातून दहा लाखांहून अधिक स्वयंसेवक तेथे लोटले ही पुढची गोष्ट. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस धरणी हादरली, तेव्हाही पहिली माती हातांनी उकरली ती त्याच गावच्या लोकांनी.

मग हेतूचा विचार. येथे केशिराजबासांनी संकलित केलेल्या दृष्टांतपाठातील जात्यंध आणि हत्ती यांचा दृष्टांत उपयोगी पडतो. ज्याच्या हाती पाय आला त्याला हत्ती खांबासारखा वाटला, ज्याच्या हाती कान आला त्याला सुपासारखा. एकाचेही म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते आणि एकालाही हत्ती कळला नव्हता. तो दृष्टांत ज्या दार्ष्टांतिकासाठी आहे ते फार थोर आहे, याचा विसर पडू न देता, माणसाच्या अंतःकरणाबद्दलही तीच रीत लावून पाहता येते. पूर ओसरल्यावर धावून गेलेल्यांस विचारावे की तुम्ही का गेलात, तर एक म्हणेल शेजारधर्म. दुसरा म्हणेल पुण्य. तिसरा म्हणेल, मागच्या पुरात लोकांनी माझे घर वाचविले होते, त्याची फेड केली. चौथा खांदे उडवून म्हणेल, मला पोहता येते म्हणून गेलो, त्यात काय? आणि एखादा प्रामाणिक असेल तर तो सांगेल की, अमक्याने हाक मारली म्हणून गेलो, नाहीतर गेलो नसतो.

या शेवटच्या उत्तरास लोक फार कमी लेखतात. वस्तुतः त्यातच पुष्कळ अर्थ आहे. १९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका खोलीत मनुष्यास कागद भरावयास बसविले आणि भिंतीतील फटीतून आत धूर सोडला. खोलीत एकटा असलेल्या चौघांपैकी तिघे उठून सांगावयास गेले. परंतु तिघे अनोळखी एकत्र बसविले असता, तीनांत एका गटाहून थोड्याच अधिक गटांतून कोणी तरी उठले. बाकीचे धुरात बसून राहिले, डोळे चोळीत राहिले, आणि एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिले. प्रत्येकाने मनात म्हटले, दुसरा उठत नाही त्या अर्थी काही विशेष नसावे. ते दुष्ट नव्हते. गर्दीत प्रत्येकाचे कर्तव्य इतक्या वाटण्यांत विभागले गेले की कोणाच्याच वाट्याला उठण्याइतके उरले नाही.

पुलावरच्या बघ्यांचे कोडे येथे सुटते. गंगेला पूर आला की होळकर पुलावर गर्दी होते. अनेकदा पोलिसांना पूल बंद करावे लागतात. त्या गर्दीची निर्भर्त्सना करणे सोपे आहे. परंतु त्याच गर्दीतील मनुष्य आपल्या गल्लीत परतल्यावर, वरच्या मजल्यावरून कोणी त्याचे नाव घेऊन हाक मारली, दोर घेऊन या, अण्णांना उतरवायचे आहे असे सांगितले, की चप्पल टाकून धावतो. दोन्ही ठिकाणी मनुष्य तोच, त्याचे पापपुण्य तेच. पुलावर तो अनामिक होता, गल्लीत त्याला नाव होते. लीळाचरित्राच्या वाचकांस हे नवल वाटू नये. स्वामींच्या सन्निधानात आलेल्यांपैकी कितीकांस त्यांनी निराळ्या लाडक्या नावांनी संबोधिले! महदाइसांस ते म्हातारी म्हणत. समूहातून एकेका जीवास नावाने वेगळे काढणे, हीच त्याला जागे करण्याची पहिली पायरी असते. जुन्या नाशकात वाडा होता, वाड्यात दहा बिऱ्हाडे होती, आणि कोणाच्या घरी कोण आजारी आहे हे विहिरीवरच कळत असे. आजच्या वसाहतींत भिंतीला भिंत लागून राहणाऱ्यांस एकमेकांची आडनावे ठाऊक नसतात. तेथे लोकांची दया आटली असे म्हणण्यापेक्षा हाक मारावयास नावच उरले नाही असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

तथापि संबंध आणि हाक एवढ्यानेच सर्व उलगडते असे मानणारा तो हत्तीचा पाय धरून बसलेला आंधळाच. कारण २०२० चे वर्ष. त्या वर्षी २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. मुंबई आणि तिच्या परिसरातील कामगारांची रोजी बुडाली; रेल्वे बंद, मोटारी बंद. मग हजारो कुटुंबे कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरी, घोटी, नाशिक, चांदवड, मालेगाव या मार्गाने मुंबई-आग्रा महामार्गावरून उत्तरेकडे चालू लागली. चैत्र-वैशाखाचे ऊन, डोक्यावर गाठोडे, कडेवर पोर. त्यांची भाषा निराळी, प्रांत निराळा. त्यांच्यापैकी एकाचेही नाव वाटेवरच्या कोणास ठाऊक नव्हते. वर रोगाचे भय असे की सख्ख्या भावाने भावास दारात उभे करू नये. त्या दिवसांत शिवण्यासही लोक भीत होते. तरीही महामार्गाच्या कडेला पाण्याचे पिंप मांडले गेले, पोळ्यांची पुडकी आली, गुरुद्वारांचे लंगर चालले, कोणी चपला आणल्या, कोणी फोड आलेल्या पायांना औषध लाविले. १ मे २०२० रोजी, महाराष्ट्रदिनी, नाशिकरोड स्थानकावरून अडकलेल्या कामगारांस घेऊन पहिली विशेष गाडी भोपाळकडे निघाली. तोवर आणि त्यानंतरही कित्येक आठवडे रस्त्यावरची ही चूल विझली नाही.

येथे शेजारधर्म नव्हता. परतफेड नव्हती, कारण हे वाटसरू पुन्हा भेटणार नव्हते. कोणी हाक मारली नव्हती. उलट घरातच राहा असे सर्व बाजूंनी सांगितले जात होते. मग काय होते? समोर चालणाऱ्याचे दुःख डोळ्यांना दिसले आणि ते पाहून पाय घरात ठरेनात, एवढेच होते. पंथाच्या भाषेत तिला दया म्हणतात. जीव अविद्येने झाकलेला असला तरी त्याच्या ठायी ही क्वचित उसळून येते, आणि जेव्हा येते तेव्हा नाव, गाव, जात हे पुसावयास सवड ठेवीत नाही. ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या चरित्रात मातंगांच्या विहिरीची जी कथा आहे तिचेही मर्म हेच. गावाच्या पाणवठ्यावर ज्यांना जागा नव्हती ते तहानेने व्याकुळ होऊन प्रभूंकडे आले. प्रभूंनी जागा दाखविली, त्यांनी स्वतः खणले आणि पाणी लागले. प्रभूंनी त्यांना घागरभर पाणी देऊन बोळविले नाही, हेही ध्यानात घ्यावे.

आता पुण्याचा हेतू. पुष्कळ भाविक जन आपत्काळी पुण्यासाठी धावतात आणि त्यांस नावे ठेवण्याचे कारण नाही. भुकेल्याच्या पोटात गेलेला घास देणाऱ्याच्या हेतूने कडू होत नाही. परंतु शास्त्रदृष्ट्या पाहता पुण्यकर्माचे फळ देवतांच्या द्वारा मिळणारे, भोगाने सरणारे. त्याने संसार तुटत नाही. ही गोष्ट परमार्गीयांस नव्याने सांगावयास नको. व्यवहारात मात्र तिचा एक परिणाम दिसतो, त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. पुण्यासाठी धावणारा मनुष्य ज्या कर्माचे माहात्म्य ग्रंथांतरी ऐकलेले असते तेच कर्म निवडतो. अन्नदानाचे माहात्म्य थोर. म्हणून पुराच्या दुसऱ्या दिवशी पोळीभाजीच्या पुड्यांचे ढीग लागतात, इतके की उरलेले फेकून द्यावे लागते. चौथ्या दिवशी पाणी ओसरते. घराघरांत गुडघाभर गाळ, त्यात कुजलेले धान्य, मेलेल्या उंदीर-घुशी, भिजून फुगलेली दारे, भांडीबाजारातील तांब्या-पितळेच्या घड्यांतून गच्च बसलेला चिखल. त्या दिवशी फावडे आणि घमेले घेऊन येणारा हवा असतो. गाळ उपसण्याचे माहात्म्य कोणत्याच पुराणात सांगितलेले नाही! म्हणून चौथ्या दिवशी गर्दी विरळ असते, आणि जे येतात ते खरोखर कशासाठी येतात हे त्या दिवशी कळते.

नाशकात धर्मशाळा उभारणारे गाडगे महाराज हाती खराटा घेऊन फिरले. त्यांचा आणि पंथाचा विचार सर्व ठिकाणी जुळतो असे नाही. परंतु झाडण्यास त्यांनी जी प्रतिष्ठा दिली तिची किंमत पूर ओसरलेल्या गल्लीत उभे राहिल्यावाचून कळावयाची नाही.

कीर्तीच्या हेतूबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. छायाचित्र काढून घेतल्यावाचून ज्यांच्या हातून ब्लँकेट सुटत नाही, अशांना सर्वच ओळखतात. इतके मात्र म्हटले पाहिजे की, घेणाऱ्याचे मुख त्या छायाचित्रात उघडे पडते आणि त्याच्या स्वाभिमानास डंख बसतो. कुसुमाग्रजांच्या नाशकात तरी याचा विसर पडू नये. त्यांच्या ‘कणा’ या कवितेतील पूरग्रस्त पैशाची मदत नाकारतो, हे महाराष्ट्रातील शाळकरी मुलांसही ठाऊक आहे.

हेतू शुद्ध असला म्हणजे झाले, असेही नाही. हा मुद्दा निरूपणकार बहुधा टाळतात. ऑगस्ट २०१९ मध्ये, नाशिकला पूर आला त्याच सप्ताहात, सांगली-कोल्हापूरही पाण्याखाली होते. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून लोकांना बाहेर काढणारी होडी क्षमतेहून अधिक माणसे बसल्याने उलटली आणि ज्यांना वाचवावयाचे त्यांपैकीच अनेक जण बुडाले. होडी नेणाऱ्यांच्या मनात दयेवाचून काय असणार! परंतु दयेला पाण्याचा वेग कळत नाही. तो ज्यास कळतो त्यास विचारावे लागते. गोदाघाटावर लहानपणापासून पोहणारी मुले असतात. कोणत्या दगडापाशी भोवरा धरतो, कोणत्या पायरीला शेवाळ आहे, दोर कोठे बांधला तर धरेल, हे त्यांस पाठ असते. शहाण्यासुरत्यांनी एरवी त्यांस उनाड म्हटले तरी पुराच्या दिवशी त्यांच्याच मागे उभे राहावे लागते. मला पोहता येते म्हणून गेलो, असे म्हणणारा तो चौथा मनुष्य म्हणूनच मोलाचा. त्याच्या उत्तरात अध्यात्म दिसत नाही, पण अहंकारही दिसत नाही.

गर्दीचे भय निराळे. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थातील शाही स्नानाच्या वेळी काळाराम मंदिराच्या बाजूने रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद मार्गावर चेंगराचेंगरी होऊन तीसांहून अधिक भाविक मृत्यू पावले. तेथे पाणी नव्हते, आग नव्हती. माणसांवर माणसे पडली. अशा समयी मागचा मनुष्य पुढे काय झाले हे पाहू शकत नाही, आणि पुढचा मागे सांगू शकत नाही. धावून जाण्याने तेथे अनर्थच वाढतो. तेथे दोन हात पसरून मागच्यांस थोपविणारा आणि आपले घर उघडून चार जणांस आत घेणारा रहिवासीच उपयोगी. २०१५ च्या सिंहस्थात असा प्रकार घडला नाही, याचे श्रेय मार्गांच्या नव्या आखणीस आहे, बंदोबस्तास आहे, तसेच चौकाचौकांत उन्हापावसात तासन्‌तास उभे राहून वाट दाखविणाऱ्या मुलामुलींसही आहे. त्यांची छायाचित्रे कोठे छापून आली नाहीत.

याच काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून १९३० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करावा लागला, आणि तो वर्षानुवर्षे चालला. आपत्काळाच्या निरूपणात ही आठवण अप्रस्तुत नाही. पुराचे पाणी प्रथम शिरते ते नदी-नाल्यांच्या काठावरील सखल वस्तीत, पत्र्याच्या घरांत. वार्ता मात्र आधी येते ती मंदिरांच्या कळसांची. शेजारी कोणाला म्हणावे याची रेघ मनात आधीच ओढलेली असेल तर दया उत्पन्न होऊनही ती त्या रेघेपाशी थांबते. पंथाने ही रेघ सात-साडेसात शतकांपूर्वी पुसली होती, ग्रंथांत तरी. वासनिकांच्या आणि साधूंच्या आचरणात ती कितपत पुसली गेली, हे ज्याचे त्याने पाहावे.

राहिला वैराग्याचा आक्षेप. कोणी साधक विचारील की, देह नश्वर, घर नश्वर, प्रपंच तर टाकावयाचाच आहे; मग अटन, विजन, नामस्मरण सोडून गाळ उपसण्यात साधनदृष्ट्या काय प्रयोजन? आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. परंतु तो करणारा देह नश्वर म्हणून स्वतःची भिक्षा सोडीत नाही, आणि ती भिक्षा ज्या दारांतून येते त्या दारांत आज पाणी आहे. शिवाय अहिंसेचा अर्थ येथे तपासला पाहिजे. किड्यामुंगीचाही घात आपल्या हातून घडू नये, हा स्वामींचा उपदेश सर्वमान्य आहे. ‘आपल्या हातून’ एवढ्यावरच तो संपत असता, तर ससा मांडीतळी आला तेव्हा स्वामींनी उठून दुसरीकडे जाणेही अहिंसेत बसले असते, कारण मारणारे शिकारी होते. स्वामी उठले नाहीत. मारू नये इतकेच ज्याला कळले त्याला अर्धी अहिंसा कळली. मरणाऱ्याच्या आणि मारणाऱ्याच्या मध्ये स्थिर बसून राहणे ही उरलेली अर्धी. पुरात मारणारा दिसत नाही, म्हणून ती अर्धी चुकते.

संन्यस्तांचे आचार कडक आहेत आणि ते कडकच असावेत. नदीत उड्या घेणे हे त्यांचे काम नव्हे. परंतु मठाला ओसरी असते, ती उंचावर असते, तिला कुलूप असते. त्या कुलपाची किल्ली अपरात्री कोणापाशी असावी एवढे ज्येष्ठात ठरविता येते. उपदेशी मंडळींत पोहणारे कोण, दोर कोणाच्या घरी, अंथरुणास खिळलेली माणसे कोणत्या घरांत, याची वही करिता येते, आणि त्या वहीत नदीकाठच्या ज्या घरांवर कधी कोणी साधू भिक्षेस गेला नाही ती घरेही लिहिता येतात. जेथे अशी वही असेल तेथे पाणी चढताच एकेकास नावाने हाक जाईल. हेतू त्याच्या मनात कोणता उठला याचा निवाडा सवडीने होऊ शकतो. सिंहस्थाचे पर्वस्नान २०२७ मध्ये येत आहे, आणि सिंहस्थाचे स्नान पावसाळ्यातच असते. गंगापूरच्या धरणातून पाणी सोडल्याची सूचना तेव्हाही येईल, दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागल्याची वार्ता तेव्हाही पायऱ्यांवरून वर जाईल. फरक इतकाच की त्या दिवशी घाटावर उभे असलेल्या बहुतेकांस हा मारुती कोठे उभा आहे हेच ठाऊक नसेल, आणि ते सांगणारे नाशिककरच असतील.